कुठं गळतं?

सहावीत मी नापास झालो, तो उन्हाळा २००९चा. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१०मध्ये लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. माझा नंबर त्याआधीच लागला होता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझे दोस्त सातवीच्या वर्गात गेले. मी त्याच वर्गात, त्याच शेवटच्या बाकावर. पुढं सगळी धाकटी पोरं. बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. मी ठरवूनच आलो होतो, मधल्या सुट्टीत दप्तर उचलायचं आणि घर गाठायचं. कायमचं.

हजेरी संपल्यावर बाई पोरांना म्हणाल्या, "ह्याला हा वर्ग तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे." मग माझ्याकडं वळल्या. "पाऊस आला की कुठं गळतं रे?"

मी उठलो. दोन कौलं दाखवली, खिडकीजवळची जागा दाखवली. पोरांनी बाक सरकवले. दुपारी पाऊस आला. कुणीच भिजलं नाही. घरी जायचं राहूनच गेलं.

आता मी कोड लिहितो. मागच्या महिन्यात टीममध्ये एक मुलगी आली, आधीच्या प्रोजेक्टवरून काढलेली. मान खाली. तिला काय बोलावं सुचेना. मग विचारलं, "तिकडं सिस्टिम नेमकी कुठं पडायची?"

ती तासभर सांगत होती. मी लिहून घेत होतो.