पहिला रिमोट

पुण्याच्या जुन्या बाजारात मी पुस्तकांसाठी जातो, असे घरी सांगून निघतो. ते अगदीच खोटे नसते. पण गेली काही वर्षे माझी पावले पुस्तकांच्या ढिगाकडून हळूच पलीकडे वळतात. तिथे मोडके मिक्सर, सुटे चार्जर आणि रेडिओचे सांगाडे यांच्या गर्दीत कधीतरी एखादी पिवळी कॅसेट दिसते. गाण्याची नव्हे, व्हिडिओ गेमची. विक्रेता ती उलटीपालटी करून पाहतो, ‘चालू-बंदची ग्यारंटी नाही’ असे बजावतो आणि माझ्या चेहऱ्यावरची उत्सुकता वाचून किंमत वाढवतो. साहित्य शिकवणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला हे शोभते का, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा एक प्रयत्न.

आधी या वस्तूची थोडी वंशावळ सांगितली पाहिजे. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य रचनाकार; २०२१ साली ते निवर्तले. १९८५ मध्ये तेच यंत्र दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या नावाने अमेरिकेत गेले आणि जाताना त्याच्या कॅसेटचा सांधाही बदलला. जपानी कॅसेटला साठ टोके, अमेरिकी कॅसेटला बहात्तर. नव्वदच्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे आले ते बहुतांशी यांपैकी कोणतेच नव्हते. ती जपानी यंत्राची नक्कल होती आणि तिच्यात साठ टोकांच्या नकली कॅसेटी बसत. एका कॅसेटमध्ये शेकडो, कधी हजारो गेम असल्याचा दावा वेष्टनावर असे. प्रत्यक्षात वीस-पंचवीस गेम पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी यादीत येत. कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात, कुठे तीस जीव आधीच बहाल केलेले. मूळ कंपनीचे नाव शीर्षकाच्या पडद्यावरून अनेकदा पुसलेले असे. एका अर्थी आमचे सारे बालवाङ्मय निनावी होते.

आमच्या पिंपरीच्या दोन खोल्यांत हे यंत्र १९९३ च्या दिवाळीत आले. बाबांना बोनस मिळाला होता. यंत्रासोबत दोन रिमोट आणि एक प्लॅस्टिकची बंदूक होती. ‘कंट्रोलर’ हा शब्द आम्हाला फार पुढे भेटला. दोन्ही रिमोट दिसायला सारखे, पण ‘स्टार्ट’चे बटण फक्त पहिल्याला. ही व्यवस्था मूळ जपानी यंत्रातच होती आणि नक्कल करणाऱ्यांनी ती इमानेइतबारे उचलली होती. खेळ सुरू करायचा, थांबवायचा, यादीतून निवडायचा, हे सर्व अधिकार पहिल्या रिमोटचे. तो रिमोट दादाचा. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी दुसऱ्या रिमोटवाला. लघवीला जायचे असले तरी दादाला ‘थांबव’ म्हणून विनवावे लागे. पुढे आम्हा भावांत जे काही झाले, म्हणजे घराच्या वाटणीवरून आलेला अबोला, मग सणावारापुरते फोन, त्या सर्वांचे बीज मी मनातल्या मनात या पहिल्या रिमोटात शोधत असे. ‘दादाने तो कधी हातचा सोडला नाही’ हे वाक्य मी बायकोला इतक्यांदा ऐकवले आहे की ते आमच्या घरातली म्हणच झाली आहे.

जुनी यंत्रे जमवू लागलो तेव्हा मी ती दुरुस्त करायलाही शिकलो. कॅसेट चालेना की आम्ही तिच्या तोंडात जोराने फुंकर मारत असू. तो आमचा अनुभवसिद्ध मंत्र होता. आता कळते की फुंकरीतला दमटपणा तांब्याच्या टोकांना हळूहळू खातो. गुण यायचा तो फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा घातल्याने. योग्य उपाय म्हणजे कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोके पुसणे. बोळा काळा होतो, दुसरा घ्यायचा, तोही काळा होतो. स्वस्त कॅसेट उघडली की आत चिप दिसतच नाही. हिरव्या पट्टीवर काळ्या राळेचा एक घट्ट थेंब असतो आणि त्याच्या आत सगळे बंद. तो थेंब गेला की कॅसेट गेली, त्याला औषध नाही. यंत्राचे मात्र तसे नसते. फुगलेला कपॅसिटर बदलता येतो, सुटलेली तार झाळता येते. झाळकाम करताना बोटे भाजली की मला बाबांची आठवण येते. ते कारखान्यात वेल्डर होते.

संग्रह वाढला तशी माझ्यातल्या अध्यापकाने डोके वर काढले. माझ्या मनाने पाठचिकित्सा सुरू केली. उदाहरणार्थ ‘कॉन्ट्रा’. कोनामी कंपनीचा हा खेळ आधी १९८७ मध्ये नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांसाठी आला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रांवर. त्याच्या जपानी कॅसेटमध्ये अधिक समर्थ चिप होती, म्हणून तिथे टप्प्यांमध्ये नकाशा दिसतो, छोटी दृश्ये येतात. अमेरिकी आवृत्तीत हे काही नाही. युरोपात तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ नावाने गेला आणि तिथे माणसांच्या जागी यंत्रमानव आले. मग आमच्या पिवळ्या कॅसेटमधला, आरंभीच तीस जीव देणारा ‘कॉन्ट्रा’ कोणत्या शाखेचा? भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे ज्यांनी महाभारताच्या पोथ्या ताडून पाहिल्या, त्यांच्या कामाशी या उद्योगाची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण प्रत हाती घेतल्यावर ‘ही कुठून आली, हिच्यात काय गळले, काय घुसले’ हे विचारण्याची खोड मला तिथूनच लागली आहे.

या खोडीपायी मी एकदा दादाला दुखावले. एका फोनवर बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, ‘तो बर्फाचा टप्पा आठवतो? त्यात बर्फ पडायचा आणि आई म्हणायची, टीव्हीला मुंग्या आल्या.’ मी त्याला तिथेच अडवले. बर्फ पडत नाही, जमिनीवर नुसता साचलेला आहे. मी नुकताच तो टप्पा खेळून पाहिला आहे. तुझी स्मृती तुला फसवते आहे, असे मी सप्रमाण सांगितले. तो गप्प झाला. ‘असेल,’ म्हणाला. काही महिन्यांनी जपानी आवृत्ती माझ्या हाती आली. तिच्यात बर्फ पडतो, वाऱ्याबरोबर तिरका पडतो. मी पाहिलेली प्रत अमेरिकी होती. आमच्या कॅसेटमध्ये कोणती होती, हे आता सिद्ध होण्यासारखे नाही, कारण ती कॅसेट आईने केव्हाच भंगारवाल्याला दिली. पण दादाच्या बाजूने निदान एक पोथी उभी होती आणि मी एका प्रतीच्या बळावर त्याची साक्ष बाद ठरवली होती. मी फोन करून ‘तुझे खरे असावे’ म्हणालो. तो हसला. विषय तिथे संपला, असे मला वाटले.

मग बंदुकीचे वेड लागले. बदकांच्या शिकारीचा तो खेळ, ‘डक हंट’, जपानमध्ये १९८४ साली आला. गवतातून बदक उडते, आपल्याला तीन गोळ्या, दहा बदकांपैकी निदान सहा पडली तर पुढची फेरी. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन हसतो. मला बाजारात एक बंदूक मिळाली. ती घरच्या नव्या, चपट्या टीव्हीसमोर धरली, चाप ओढला, तर एकही बदक पडेना. बंदूक बिघडली असेल म्हणून उघडली. आतून ती चक्क ठीक होती.

कारण शोधता शोधता समजले की ही बंदूक काही सोडतच नाही. ती फक्त पाहते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. काळ्यापाठोपाठ त्या डोळ्याला पांढरे दिसले तर बदक पडले. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र येताक्षणी उमटे. नवा टीव्ही ते आधी स्वतःशी चघळतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. खेळ शाबूत, यंत्र शाबूत, बंदूकही शाबूत, पण खेळ होत नाही, कारण समोर तो टीव्ही नाही. शेवटी भंगारातून चौदा इंची डब्बा टीव्ही आणला. तो मात्र मी स्वतः उघडला नाही. वायर काढून ठेवली तरी पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो, म्हणून ते काम जुन्या मेकॅनिककडे दिले. त्याने किंमत सांगितली आणि वर माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहिले.

त्याच सुमारास या खेळाची मूळ इंग्रजी माहितीपुस्तिका वाचनात आली. आमच्या कॅसेटला अशी पुस्तिका कधी नव्हतीच. तिच्यात एक साधे वाक्य होते: एकच बदक उडते त्या प्रकारात पहिला रिमोट हाती असलेला दुसरा खेळाडू बदकाचे उडणे नियंत्रित करू शकतो. मी ते दोनदा वाचले. मग यंत्र लावले, बंदूक डाव्या हातात, पहिला रिमोट उजव्या हातात. बाणाचे बटण दाबले की बदक खरोखरच तिकडे वळत होते.

इथे बाबांविषयी सांगणे आले. १९९५ मध्ये त्यांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. चौदा महिने ते घरी होते. सकाळी नेहमीच्या वेळी उठून दाढी करत आणि मग कुठे जायचे हे न सुचून खिडकीशी बसत. त्या दिवसांत त्यांनी फारसे बोलणे टाकले होते. फक्त संध्याकाळी कधीतरी ‘लाव रे ते बदक’ म्हणत. बंदूक लावायची तर दुसऱ्या रिमोटची वायर काढावी लागे, म्हणजे माझा रिमोट जाई. मी चटईवर रिकाम्या हाताने बसे. बाबा पलंगाच्या कडेला बसून नेम धरत. दादा खाली, भिंतीला टेकून, पहिला रिमोट मांडीवर घेऊन. बाबांचा नेम अचूक होता. दहापैकी आठ, नऊ. कुत्र्याला हसायची संधीच मिळत नसे. आणि मला राग येई तो हा, की बंदुकीच्या खेळात रिमोटचे काम नसतानाही दादा तो सोडत का नाही.

मी दादाला फोन केला. ‘बदक रिमोटने वळवता येतं, तुला माहीत होतं?’

‘तुला आत्ता कळलं?’ तो म्हणाला. मग थोडा थांबून, ‘अरे, पहिल्या दिवशी बाबांना दोनच बदकं पडली. ते कुत्रं हसलं. बाबा काही बोलले नाहीत, बंदूक खाली ठेवली. मला ते बघवेना. रात्री तुम्ही झोपल्यावर आवाज बंद करून बटणं दाबून बघत बसलो, काही होतंय का. तेव्हा सापडलं.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू बोलून टाकलं असतंस.’

हे खरे होते. मी विचारले, बाबांना कळले होते का. दादा म्हणाला, ‘ठाऊक नाही. एकदा मात्र बंदूक ठेवताना म्हणाले, आज बदक दमलेलं दिसतंय. माझा अभ्यासाचा दिवस होता, हात नीट चालत नव्हता. पण तसं म्हणायची त्यांची पद्धतच होती.’ बाबा २०१४ साली गेले. आता विचारायला कोणी नाही.

मूळ पाठ, शुद्ध प्रत, अस्सल यंत्र यांच्या मागे मी इतकी वर्षे धावलो ते व्यर्थ होते असे मी म्हणणार नाही. मूळ पुस्तिका वाचली नसती तर हे कळलेही नसते. पण ती पुस्तिका फक्त एवढेच सांगते की बदक वळवता येते. नेम धरणाऱ्याच्या समोर ते आणून सोडावे, हे तिच्यात नाही. उलट खेळाच्या रचनेप्रमाणे दुसऱ्याने बदक वाचवायचे असते. हा पाठभेद आमच्या घरचा. कोणत्याही कॅसेटमध्ये तो नाही आणि एका माणसाच्या सांगण्यापलीकडे त्याला आधार नाही. बर्फाच्या बाबतीत मी जी चूक केली ती या वेळी केली नाही. मी पुरावा मागितला नाही.

या दिवाळीत दादा आला. बऱ्याच वर्षांनी मुक्कामाला राहिला. रात्री मी डब्बा टीव्ही लावला आणि बंदूक त्याच्या हाती दिली. पहिला रिमोट मी घेतला. बदक नेमापाशी आणून सोडणे वाटते तितके सोपे नाही. ते ओढ घेते, बंदुकीचा रोख कुठे आहे याकडे एक डोळा ठेवावा लागतो आणि पाहिल्यासारखे दाखवता येत नाही. पहिल्या फेरीत त्याची चार पडली. कुत्रा हसला.

‘नीट धर की,’ दादा म्हणाला, आणि मी रिमोट मांडीवर नीट घेतला.