कापायचं न्हाई

आरडी म्हणजे ‘रेस डेव्हलप्ड’, असं जाणकार सांगतात. आपल्याकडे मात्र ‘रॅपिड डेथ’ हेच नाव जास्त चाललं. 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 ‘राजदूत 350’ म्हणून भारतात आणली. 347 सीसीचं दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि पुढे ड्रम ब्रेक. जपानी आरडीला पुढे डिस्क होती, इथे तिचा ड्रम झाला. पळायची सोय जपान्यांची, थांबायची देवाची.

माझ्या मामांकडे 1986 ची एक होती. गुडघे किक मारू देईनात तेव्हा ती कोल्हापुरात गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली आणि अकरा वर्षं तिथेच राहिली. मी पुण्यात कोड लिहितो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत शिरलेल्या हजारोंपैकी एक. गाडी ट्रॅकसाठी मागितली तेव्हा मामांनी एकच अट घातली. “काय बी खोल, काय बी बदल. पण कापायचं न्हाई.”

अट सोपी वाटली. जे बोल्टने बसतं ते बोल्टने निघतं. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, स्टँड उतरले. उंच हँडलच्या जागी क्लिप-ऑन आले, फुटरेस्ट मागे सरकले. ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून त्यातून तार ओवतात, म्हणजे तो सुटून ट्रॅकवर तेल सांडत नाही. तिथेही भोक नव्या बोल्टला पाडलं, जुना डब्यात ठेवला.

मग इंजिन. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. क्रँकचं सील वाळलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. मागचं चाक जाम, आणि तुम्ही शंभरच्या वेगात. म्हणून इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि ती टिकते का ते बघायचं. आमचं उपकरण म्हणजे बीपी मशीनचा रबरी फुगा. काटा 300 वर, म्हणजे साधारण 6 पीएसआय, आणि त्याने सहा मिनिटं तिथेच थांबायचं. आमचा एका मिनिटात खाली आला. साबणाचं पाणी लावलं तर डाव्या सीलपाशी बुडबुडे. बाकीची सीलंही त्याच वयाची, मग इंजिन दुभंगून सगळीच बदलली.

खरा पेच पोर्टचा होता. पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी. एक्झॉस्टची खिडकी थोडी उंच केली की ती लवकर उघडते, वरच्या आरपीएमला ताकद वाढते आणि खालची जाते. शहरात वैताग, ट्रॅकवर हवी तीच गोष्ट. जोडीला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगलेला एक्झॉस्ट पाइप. दाबाची लाट त्याच्या निमुळत्या टोकावरून उलटी फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेनने 1950 च्या दशकात हे तंत्र घोटून पक्कं केलं. 1961 मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये 50 सीसीचा जगज्जेता झाला. एका पाइपापायी एवढं राजकारण!

पाइप बोल्टने बसतो. पोर्ट मात्र कापावाच लागतो, आणि धातूला अनडू नसतं. उद्यमनगरातले मिस्त्री ग्राइंडर घेऊन तयारच होते. “मामास्नी आतलं काय दिसतंय?” खरं होतं, दिसलं नसतं. तरी मी सिलिंडर उचलून घरी आणले. दोन महिने फिरून दुसरी, झिजलेली जोडी मिळवली, ती बोअर करून घेतली आणि पोर्ट तिचे कापले. मामांचे सिलिंडर तेल लावून, आजोबांच्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली आहेत.

व्हिंटेजवाले म्हणतात, ओरिजिनल जपा. रेसवाले म्हणतात, पळवा. मला दोघांचंही अर्धंच पटतं. ही गाडी अकरा वर्षं अगदी ओरिजिनल होती, आणि आतून वाळत होती.

पहिली शर्यत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. ऑइल पंप काढून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळलं की थ्रॉटल मिटताच वंगणही आटतं. त्यामुळे स्ट्रेट संपताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची, इंजिन चिकटलंच तर चाक मोकळं करायला. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतं. सगळा भार त्या ड्रमवर.

संध्याकाळी मामांचा फोन.

“कितवा आलास?”

“मागून तिसरा.”

“ब्रेक लागतोय का?”

“तिसऱ्या लॅपनंतर नाही.”

“तवा बी लागत नव्हता.”

“मामा, पुढे डिस्क बसवू?”

ते थोडा वेळ गप्प. “फोर्क कापावा लागतो?”

“नाही, अख्खा दुसरा फोर्क बसतो.”

“मग बसव. जुना मला आणून दे.”