कोनाचा गा तू?

लागोसमध्ये पहिल्याच आठवड्यात मला विचारलं गेलं, "तू कुठला?" मी म्हटलं, "इंडिया." विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही. "ते कळलं. पण गाव कुठलं? वडिलांचं गाव?" मी म्हटलं, "मोहर्ली." मग सांगत बसलो: महाराष्ट्राच्या पूर्व भागात चंद्रपूर जिल्हा, तिथे ताडोबाचं जंगल आणि जंगलाच्या दारातच माझं गाव. त्याने मान डोलावली. आता कुठे त्याला माझी ओळख पटली होती. मला मात्र आमच्या गावची म्हातारी माणसं आठवली. नवं पोर वाटेत दिसलं की तीही असंच विचारायची, "कोनाचा गा तू?"

लागोसच्या इकेजा भागातल्या एका कारखान्यात मी विजेची कामं बघतो. इथे लाईन जाण्याला वेळकाळ नाही. ती परत आली की मागच्या गल्लीतून पोरांचा एकच गलका उठतो, "अप नेपा!" नेपा हे जुन्या वीज मंडळाचं नाव. मंडळ जाऊन बरीच वर्षं झाली, आरोळी तेवढी राहिली. लाईन आली की मोहर्लीतही आम्ही पोरं अशीच ओरडायचो.

दुपारच्या सुट्टीत आम्ही चौघं जेवायला एकत्र बसतो. आमचा फोरमन इग्बो, आग्नेयेकडच्या न्नेवी गावचा. ड्रायव्हर योरुबा, अबेओकुताचा. दारावरचे साठीतले मल्लम हौसा, उत्तरेतल्या कानोचे. उत्तरेकडच्या मुसलमान माणसाला इथे आदराने मल्लम म्हणतात. चौथा मी. हौसा, योरुबा आणि इग्बो हे नायजेरियातले तीन मोठे समाज. देशात भाषा मात्र पाचशेहून जास्त. आम्ही चौघं बोलतो पिजिनमध्ये. तिची मुळं इंग्रजीत असली, तरी इथल्या बाजारांनी आणि बंदरांनी तिला आपल्या हातांनी घडवलंय. ती कुणा एका समाजाची नाही, म्हणून भांडायला सोयीची. आणि आमच्या जेवणात भांडण रोजच असतं, राजकारणाचं.

सगळ्यात मोठा वाद या शहरावरूनच. लागोस कोणाचं? 'लागोस' हा पोर्तुगीज शब्द, अर्थ तळी, सरोवरं. योरुबा माणूस या शहराला एको म्हणतो. ड्रायव्हरचं म्हणणं, "ही आमच्या वाडवडिलांची जमीन. सगळ्यांनी यावं, कमवावं, पण मालक कोण ते विसरू नये." फोरमनचं म्हणणं, "१९९१ पर्यंत ही देशाची राजधानी होती. सगळ्या देशाच्या पैशावर आणि घामावर उभं राहिलेलं शहर एकट्याचं कसं?" राजधानी अबुजाला गेली, वाद इथेच राहिला. आपल्याकडे मुंबईवरून हाच वाद किती वर्षं ऐकला आहे. पण तेव्हा मी चांद्याकडचा, म्हणजे चंद्रपूरकडचा माणूस. मुंबई आमच्यापासून इतकी लांब की तो वाद दुसऱ्या कुणाचा वाटायचा. इथे तो माझ्या ताटासमोर बसलेला असतो.

२०२३ च्या सुरुवातीला या वादाला धार चढली. त्या महिन्यांत नोटांची टंचाई होती. दोनशे, पाचशे आणि हजार नायराच्या नोटा बदलायच्या ठरल्या, जुन्या बँकेत गेल्या आणि नव्या पुरेशा बाहेर आल्याच नाहीत. बँकेपुढच्या रांगा बघून मला आपल्याकडचा नोटबंदीचा, २०१६ चा नोव्हेंबर आठवला. तशात २५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवारांत बोला टिनुबू योरुबा, लागोस राज्याचे माजी गव्हर्नर. त्यांनी आदल्या वर्षी अबेओकुतातच योरुबात सांगितलं होतं, 'एमी लोकान', आता माझी पाळी. पीटर ओबी इग्बो, अतिकू अबुबकर उत्तरेचे. टिनुबू देशभरात निवडून आले, पण त्यांच्याच लागोस राज्यात ओबींना दहा हजारांहून थोड्या कमी मतांची आघाडी मिळाली.

लागोस शहाणं असतं, तर त्याचा अर्थ तरुणांनी बदल मागितला एवढाच लावला असता. पुष्कळांनी अर्थ लावला: बाहेरच्यांनी घर ताब्यात घेतलं. १८ मार्चला गव्हर्नरची निवडणूक होती. तोवर एका उमेदवाराची आई इग्बो आहे, हा प्रचाराचा मुद्दा झाला होता. इग्बो मतदारांनी घरातच बसावं, असं धमकावणारे व्हिडिओ फिरले. आमच्या जेवणात त्या आठवड्यात कुणी बोललं नाही. चमच्यांचा आवाज ऐकू येत होता. भांडणाला मी कंटाळलेला होतो, पण ते थांबल्यावर मला भीती वाटली.

या तिघांशी रोज बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या माणसांना झालेली जखम प्रत्येकाला तारखेनिशी पाठ आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र त्याला काय काय मिळालं, एवढंच माहीत असतं, आणि तेही ऐकीव.

फोरमनची तारीख १५ जानेवारी १९७०. त्या दिवशी बियाफ्राने शरणागती पत्करली. १९६७ मध्ये आग्नेयेचा भाग याच नावाने स्वतंत्र देश म्हणून फुटला होता. अडीच वर्षांच्या युद्धात तिथे अन्नाची कोंडी झाली आणि लाखो माणसं मेली, त्यांत मुलंच फार. युद्ध संपताना सरकारने सांगितलं, कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. पण बँकेत कितीही पैसे असोत, ज्यांची खाती युद्धात सापडली होती त्यांच्या हाती वीस पौंड ठेवले गेले. फोरमनच्या वडिलांनाही वीसच मिळाले. त्या वीस पौंडांतून ही माणसं कशी उभी राहिली, ते तो अभिमानाने सांगतो. इग्बोंमध्ये पोरगं पाच-सात वर्षं दुकानदाराकडे राहतं, धंदा शिकतं आणि मुदत संपली की मालक त्याला स्वतःचं दुकान काढून देतो. लागोसच्या अलाबा बाजारातली कितीतरी दुकानं अशीच उभी राहिली. न्नेवीचा बाजार तर दुचाकींच्या सुट्या भागांचा. इथे रस्तोरस्ती पळणाऱ्या 'केके' म्हणजे आपल्याच बजाजच्या रिक्षा. पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा वाळूजचं कुणी भेटावं तसा आनंद झाला होता.

मल्लमचीही तारीख १५ जानेवारीच, पण १९६६ ची. त्या पहाटे लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं. पंतप्रधान तफावा बालेवा मारले गेले. उत्तरेचे सर्वांत मोठे नेते अहमदू बेल्लो कादुनातल्या त्यांच्या घरी मारले गेले. बंड करणाऱ्यांत इग्बो अधिकारी जास्त होते. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी उत्तरेत राहणाऱ्या हजारो इग्बोंची कत्तल झाली, आणि त्यातून युद्ध पेटलं. एकच तारीख, चार वर्षांचं अंतर. देश त्या दिवशी आपल्या सैनिकांचं स्मरण करतो. आपल्याकडे ती बहुतेक वर्षी संक्रांतीच्या पाठोपाठ येणारी किंक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावरचा तो दिवस माझी आई अशुभ मानायची.

ड्रायव्हरची तारीख १२ जून १९९३. अबेओकुताचे मोशूद अबिओला त्या दिवशी निवडणूक जिंकत होते. लष्करी सरकारने निकालच रद्द केला. अबिओला पुढे कैदेत गेले आणि १९९८ मध्ये कैदेतच वारले. ड्रायव्हर हे सांगताना म्हणायचा, "उत्तरेच्या लोकांना योरुबा माणूस राष्ट्राध्यक्ष झालेला बघवला नाही." एकदा मल्लमनी हात धुता धुता शांतपणे सांगितलं, "मी त्या वर्षी कानोत अबिओलालाच मत दिलं. त्याच्या विरोधातला उमेदवार आमच्या कानोचा होता. तरी कानोत अबिओलाच जिंकला." खरंच तसं झालं होतं. ड्रायव्हर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं त्याने जी जखम एकट्याची म्हणून जपली होती, तिच्यात कानोचा एक दारवानही भागीदार निघाला.

कोणाला किती मिळालं, या मोजामोजीवर या देशाने उपाय केले नाहीत असं नाही. १९६७ मध्ये १२ राज्यं केली, ती वाढत १९९६ पर्यंत ३६ झाली, कोणा एका समाजाने दुसऱ्यावर कुरघोडी करू नये म्हणून. राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत, किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी पाव मतं लागतात. नियम चांगला आहे, नेत्याला परक्या अंगणात जायला लावतो. पण नोकरीच्या अर्जावर 'मूळ राज्य' हा रकाना आहेच. लागोसात जन्मलेल्या, वाढलेल्या फोरमनच्या मुलीला तिथे आजोबांचं राज्य लिहावं लागतं. राज्यं कितीही पाडा, प्रत्येकात एक मूळचा उरतो आणि एक बाहेरचा. आमचा जिल्हा १९८२ मध्ये तुटला आणि गडचिरोली वेगळा झाला. चिमूर आणि ब्रह्मपुरी अजून आपापला जिल्हा मागताहेत. वाटा मिळावा म्हणून सीमा मागणं मला समजतं. सीमा आखली म्हणून शेजारी परका होत नाही, हेही इथे राहून समजलं.

मला कुणी म्हणतं, तिथली गाणी आणि सिनेमे लोकांना जोडतात ना? जोडतात. फेला कुटी अबेओकुताचा, पण गायला पिजिनमध्ये, सगळ्यांना कळावं म्हणून, आणि लष्कराला तोंडावर सुनावलं. न्नेबुए या इग्बो व्यापाऱ्याने १९९२ मध्ये 'लिव्हिंग इन बाँडेज' थेट व्हिडिओ कॅसेटवर काढला, तिथून नॉलिवूड हा इथला सिनेउद्योग वाढला. पडदा नाही, थिएटर नाही, बाजारातच सिनेमा. तो इतिहास ऐकताना मला आमच्याकडचं नाटकांचं गाव वडसा दिसायला लागतं. धानाची कापणी झाली की आमची झाडीपट्टी रंगभूमी अशीच गावोगावच्या मंडपात रात्रभर उभी राहते, शहराने विचारो न विचारो. २०२३ च्याच जानेवारीत त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी या तिघांना पेढ्यांऐवजी केक वाटला. मल्लमना तर हिंदी सिनेमे तोंडपाठ. 'मदर इंडिया' कानोत वर्षानुवर्षं चालला. त्यातली आई आपल्याच घरातली वाटते, असं ते म्हणतात.

पण डिसेंबरात एकाच गाण्यावर नाचलेली माणसंच मार्चमध्ये एकमेकांना घरात बसा म्हणत होती. गाणं माणसं जवळ आणतं. जवळ आलेल्या माणसाला त्याची तारीख विचारणं, हे काम गाणं करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

१८ मार्चला शनिवार होता. मतदानाच्या दिवशी वाहनं बंद असतात. फोरमन आणि ड्रायव्हर दोघंही लागोसच्या ओकोता भागात राहतात, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. ड्रायव्हर सकाळी चालत फोरमनच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "चल, मी बरोबर येतो." दोघं बरोबर केंद्रावर गेले, बरोबर परत आले. मतं त्यांनी एकमेकांच्या विरुद्ध दिली. सोमवारी फोरमनने मला हे सांगितलं. ड्रायव्हरने कधीच सांगितलं नाही. त्या दुपारी पुन्हा भांडण सुरू झालं आणि मला जेवण गोड लागलं.

त्यानंतर सुट्टीत गावी गेलो. पहाटे जिप्सींची रांग, वाघ बघायला आलेले पाहुणे, चहाची टपरी. बोलणं निघालं ते 'बाहेरच्यां'वरच. कोण कुठून आलं, कोणी जमीन घेतली, कोणाला काय मिळालं. गडचिरोलीकडच्या बंगाली गावांचा विषय निघाला. मी बोलायला गेलो आणि थांबलो. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून ही कुटुंबं या जंगलात आली, एवढंच मला माहीत होतं. कुठलं गाव, कुठली नदी सोडून आली, ते मी कधी विचारलं नव्हतं. शेजारी माझा गोंड मित्र बसला होता. ज्या तारूच्या नावावरून ताडोबा झालं, तो त्याच्या लोकांचा देव. इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेंना चांद्यात फाशी दिली ती तारीख, २१ ऑक्टोबर १८५८, त्याला माहीत होती. वाघांसाठी जंगलाच्या आतली गावं उठली, तेव्हा त्याच्या मामाचंही घर उठलं होतं. बियाफ्राची तारीख मला पाठ होती. त्या घराची नव्हती.

मी त्याला विचारलं. चहा गार होईपर्यंत तो सांगत होता. उठताना त्यानेही मला विचारलं, "आन् तुझं काय गा तिकडं? तुले बाहेरचा म्हनते काय कोनी?"