बाईंचं देणं

आमच्या घरात मला 'घुमी' म्हणत. पाहुणे आले की मी माजघरात. आईला एकच घोर, "हिचं सासरी कसं निभायचं?" सांगलीला बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं आणि बाई भेटल्या. आज मी माणसांत निवांत वावरते, ते त्यांच्यामुळे.

युंगने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख हे प्रकार मांडले, हे पुस्तकात होतंच. मधल्यांचा गट सगळ्यांत मोठा, असंही त्यानेच पुढे लिहिलं. ते बाईंनी सांगितलं आणि मग प्रयोगच मांडला. कान कोरायच्या कापसाच्या काडीला बरोबर मध्ये दोरा बांधला. एक टोक थोडा वेळ जिभेवर ठेवायचं, मग जिभेवर लिंबाचे चार थेंब, ते गिळून दुसरं टोक त्याच जागी. काडी दोऱ्यावर टांगली की लाळेने कुठली बाजू जड झाली ते दिसतं. माझी लिंबाकडची बाजू पार खाली गेली. अखंड बडबडणाऱ्या माझ्या मैत्रिणीची काडी जवळजवळ आडवीच राहिली. मानसशास्त्रज्ञ आयसेंकचं म्हणणं बाईंनी सोपं करून सांगितलं: अंतर्मुखाचा मेंदू मुळातच जास्त चेतलेला असतो, म्हणून लिंबाने त्याला लाळ जास्त सुटते आणि थोड्याशा गलक्यानेही तो भरून जातो. लगेच त्यांनी बजावलंही, "एका काडीवरून माणूस ठरवू नका गं."

मला वाटतं, खरं शिकवणं यापुढचं होतं. प्रश्न विचारला की बाई वर उठलेल्या हातांकडे बघतच नसत. "आधी वहीत दोन ओळी लिहा," म्हणत आणि थांबत. माझी उत्तरं पहिल्यांदा वर्गाने ऐकली ती अशी, वहीतून वाचून. गॅदरिंगला आई आली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "ताई, पोरगी घुमी नाही. तिला फक्त वेळ लागतो. तेवढा द्या." त्या दिवसापासून आईने चारचौघांत मला "बोल की गं" म्हणणं सोडलं. केवढं ओझं उतरलं, ते आईलाही कधी सांगता आलं नाही.

बाई आता नाहीत. माझ्या ऑफिसात मी मीटिंगचे विषय आदल्या दिवशीच पाठवते आणि सुरुवातीला सगळ्यांना लिहायला वेळ देते. भडाभडा बोलणारे सहकारी आधी कुरकुरले. आता तेही लिहितात. कोपऱ्यात बसणाऱ्या एका नव्या मुलाच्या चार ओळींवरून परवा आम्ही कामाची सगळी आखणी बदलली.