जडवस्तू संग्रह

गेल्या मे महिन्यात जुन्या शाळेतून निरोप आला. जडवस्तू संग्रह नोंदवहीतल्या मोडक्या वस्तूंचं निर्लेखन करायचंय, माजी विद्यार्थी म्हणून तुम्हीही या. गेलो. लिपिक वस्तूचं नाव, नग आणि खरेदीची किंमत वाचत होते. मी आणि आणखी एक गृहस्थ माळ्यावरून काढलेल्या ढिगात ती वस्तू शोधत होतो. सापडली की शेऱ्याच्या रकान्यात 'निरुपयोगी'. नाही सापडली तरी तेच.

शाळा वाशीमकडची.

टकळ्या, लोखंडी, नग ४२. सापडल्या १९. गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरवून हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यायचं ठरवलं, त्याचा हा आमच्या माळ्यापर्यंत पोचलेला अवशेष. वऱ्हाडात कापसाला तोटा नव्हता. घरून खिसाभर आणायचा, सरकी काढायची, पिंजायचा, पेळू करायचे. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी. माझी गुंडी वर्षभरात कधी पुरी झाली नाही आणि झालं तेवढं सूत सुतळीच्या जाडीचं होतं. तुटलेली तार पुन्हा जोडायची असते ती गाठ न मारता, पेळूचे तंतू तुटक्या टोकावर पसरून, टकळीला हलकी गिरकी देऊन. हे बाईंनी प्रत्येकाच्या बोटांना धरून शिकवलं. या कसबाला नोंदवहीत कुठलाच रकाना नाही, त्यामुळे त्याचं निर्लेखनही झालं नाही.

पावकी. ही वस्तू नव्हेच. नाणी १९५७ मध्ये दशमान झाली, वजनमापं त्यानंतरच्या चारपाच वर्षांत. म्हणजे आम्ही शिकत होतो तेव्हा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची सरकारी गरज संपून गेली होती. पण आमच्या गणिताच्या सरांना कुणी तसं कळवलं नसावं. दुपारच्या सुट्टीनंतर, जेवण अंगावर आलेलं असताना, सगळा वर्ग डुलत डुलत औटकी म्हणायचा. औट म्हणजे साडेतीन. मूळ शब्द अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा. प्राकृतातून घासत घासत औट झाला. संतांच्या बोलण्यातला औट हातांचा देह तो हाच. सरांनी एका पोराला भिंतीला उभं करून त्याच्याच हाताने त्याची उंची मोजायला लावली होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. जवळपास साडेतीन भरली. मग वर्गातल्या सर्वांत बुटक्याला उभं केलं. त्याचीही साडेतीनच्या आसपास, कारण हात त्याचाच. वर्ग हसला. सर म्हणाले, "काहून हसता रे? माप ज्याचं त्याचं असते."

एकरी सात क्विंटल सोयाबीन आणि शेत अडीच एकर. आडत्याच्या गादीवर बसलेला माझ्या वयाचा माणूस 'सात अडीच साडेसतरा' हे अजून तोंडाने म्हणतो. त्याचा मुलगा मोबाइल काढतो. उत्तर दोघांचं एकच, मुलाचं थोडं उशिरा. मला मुलाबद्दल तक्रार नाही. मोबाइलला पावकी येत नाही असंही नाही, फक्त तो डुलत नाही.

साखळी, जमीन मोजणीची, नग १, अपूर्ण. शंभर कड्या, ६६ फूट. मैदान मोजायला बाहेर काढत. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर येऊन कित्येक वर्षं झाली, तरी बांधावरचं भांडण अजून गुंठ्यातच होतं. काटकोन साधायला दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारून तिचा त्रिकोण ताणायचा. पायथागोरसचं नाव आम्ही त्यानंतर दोन वर्षांनी ऐकलं. तेव्हा तो ओळखीचाच वाटला.

लॉगची टेबलं. पूर्णांश, अपूर्णांश. गेली ते बरं झालं.

छडी. तीही. तिची मात्र नोंद होती: 'नकाशा दर्शक काठी, नग २'.

शिवणकामाचे नमुने, वही १. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज, रफू. प्रत्येक पानावर चौकोनी तुकडा डकवलेला, खाली टाकाने लिहिलेलं नाव. सगळी नावं मुलींची. त्या तासाला आम्ही मुलं शेतकीला. शर्टाचं बटण मला चाळिशीत लावता आलं, तेही बायको माहेरी गेली म्हणून. जुन्या शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही वही बघावी.

शेतकीच्या तासाचं एक सांगायचं आहे. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा दहा दाणे मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, शिंपडत राहायचं. आठवड्याने उलगडून किती उगवले ते मोजायचं. शंभरातले सत्तर उगवले तर बियाणं पेरायचं, त्याहून कमी तर घरी ठेवायचं. ज्वारीवर केलेला हा प्रयोग आम्ही वहीत कृती, निरीक्षण, अनुमान असा लिहून विसरलो. आता कृषी खातं दर मे-जूनमध्ये सोयाबीनसाठी नेमकं हेच करायला सांगतं. गावोगाव प्रात्यक्षिकं होतात, फोटो निघतात. सोयाबीनच्या उगवणीचा सरकारी निकषही सत्तरचाच आहे. शाळेने हा तास केव्हाच बंद केला, आणि तो पारावर जाऊन बसला.

नकाशा, अकोला जिल्हा, कापडी, नग १. उलगडताना घडीवर फाटला. त्यावर तालुके सहाच: अकोला, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, वाशीम, मंगरूळपीर. रिसोड, मालेगाव, कारंजा, मानोरा हे तालुके त्यावर नाहीत. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. पण इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत तो जिल्हाच होता, हे भूगोलाच्या सरांनी आम्हाला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, आणि अशा आवाजात की जणू कुणी उसना नेलेला आहे. नकाशा उतरवायला कागदाला खोबरेल चोळायचं. कागद पारदर्शक व्हायचा, वहीला पुढे महिनाभर डोक्याच्या तेलाचा वास.

पण याच सरांचा खरा धडा नकाशावर नव्हता. आमचा भाग डोंगरमाथ्याचा. काटेपूर्णा इथून निघून उत्तरेला पूर्णेला मिळते. ते पाणी तापीतून अरबी समुद्रात. पैनगंगेचं आणि तिला मिळणाऱ्या अडाण, अरुणावती, पूस यांचं पाणी वर्धेतून, पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. एवढं पुस्तकात होतं. सरांनी पहिल्या पावसानंतर गृहपाठ दिला: तुमच्या छपराचं पाणी कोणत्या समुद्राला जातं ते शोधून आणा. विचारून नव्हे, चालून. मी आमच्या पन्हाळीपासून निघालो. गटार, पांदण, नाला, दुसरा नाला, मग एका वावराच्या धुऱ्यावर पाणी कुठे जातं ते समजेना म्हणून कडुनिंबाचं पान सोडून उभा राहिलो. चार दिवस गेले. वर्गात उभं राहून 'बंगालचा उपसागर' म्हणताना छाती भरून आली. मालेगावकडून येणारा एक मुलगा म्हणाला, "अरबी." त्याचं घर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होतं. आमच्या दोघांच्या घरांत काही कोसांचं अंतर, आणि समुद्र दोन. पाणलोट क्षेत्र हा शब्द मी पुढे सरकारी फलकांवर शेकडो वेळा वाचला. तेव्हा शिकलो त्याच्यापुढे त्याने काही शिकवलं नाही.

पत्रलेखन. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद, डाव्या-उजव्या कोपऱ्यांचे नियम. मनिऑर्डरचा अर्ज भरणं. तार लिहिणं: शब्दागणिक पैसे, म्हणून 'आणि' काढ, 'कृपया' काढ. माझ्या गद्याला जे थोडं वळण आहे ते या तासाचं. तार १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली.

रफ वही. निकालानंतर जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून एकत्र करायची, दाभणाने भोकं पाडायची, दोऱ्याने शिवायची, कणकेच्या खळीने पुठ्ठा चिकटवायचा. पुस्तकं निम्म्या किमतीत वरच्या वर्गातल्याकडून. त्याने समासात लिहिलेली उत्तरं फुकट, आणि बरीचशी चुकीची. मध्यंतरी, २०२३-२४ पासून, पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घालण्याचा उपक्रम सरकारने केला. तो दोन वर्षांत मागे घेतला. दाभणाची पद्धत त्यापेक्षा जास्त टिकली होती.

कित्ता. बोरू तिरका कापायचा, टोक चिरायचं. चुकला तर पुन्हा. अर्धा तास बोरू कापण्यातच जाई, आणि तोच खरा तास. आमचे मराठीचे सर एकदा कारंज्याला घेऊन गेले होते, तिथल्या जैन मंदिरांतले ग्रंथभांडार दाखवायला. हीरालाल जैन यांनी ज्या अपभ्रंश पोथ्यांवर काम केलं आणि ज्या १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आल्या, त्यांच्या सोबतीच्या पोथ्या. शेकडो वर्षांपूर्वी कुणी तरी नकललेलं पान, ओळ कुठे चढलेली नाही, उतरलेली नाही. सर काही बोलले नाहीत. माझ्याकडे फक्त बघितलं. माझं अक्षर आजही वाईट आहे.

चार वाजता यादी संपली. मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का मारला. एका वस्तूपाशी लिपिक अडले. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा कडुनिंबाला तारेने टांगलेला आहे. शिपाईभाऊ त्यावर तासाचे टोले वेगळे, मधल्या सुट्टीचे वेगळे, आणि साप निघाला तर वेगळे द्यायचे. आमची गाडी तेव्हा मीटरगेजवर चालायची. पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. आता शाळेत विजेची घंटा आहे, त्यामुळे हाही निरुपयोगी धरावा काय, असं लिपिकांनी विचारलं. दुसरे गृहस्थ उठले, खाली पडलेला एक बोल्ट उचलून त्यांनी रुळावर एक टोला दिला. लिपिकांनी पान उलटलं. 'घंटा, नग १' पुढचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे.