दहा-आठ

लीला राव यांच्या नावापुढे एक ओळ ठरलेली: विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, १९३४. ओळ खरी आहे, पण मला तिच्याआड राहिलेले आकडे जास्त जवळचे वाटतात. ४-६, १०-८, ६-२. समोर ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट गेलेला. तेव्हा टायब्रेकर नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालतच राहायचा. बावीस वर्षांच्या लीलाबाई त्या एका सेटमध्ये १८ गेम झुंजल्या. आठ-आठवर भल्याभल्यांचा हात आखडतो. त्यांनी तिथून सेट काढला, आणि तिसऱ्यात समोरचीला दोनच गेम दिले. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामोफकडून त्या हरल्या. सानिया मिर्झानं विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकला तो २००५ मध्ये, म्हणजे ७१ वर्षांनी.

लीलाबाईंची ही चिवट वृत्ती कुठून आली, हे शोधायला घराबाहेर जावं लागत नाही. आजोबा शंकर पांडुरंग पंडित. तुकोबांच्या गाथेच्या संपादनात त्यांचा हात होता. आई पंडिता क्षमा राव. पोरवयातच वडील गेले, दिवस हलाखीचे आले, तरी क्षमाबाई संस्कृतला धरून राहिल्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, ती १९३२ मध्ये थेट पॅरिसला छापली गेली. तुकोबांचं चरित्र संस्कृत काव्यात आणलं, समर्थ रामदासांचंही. आणि याच क्षमाबाई टेनिसही खेळत! कोर्ट आणि काव्य एका घरात सुखानं नांदलं, याचं मला फार अप्रूप आहे.

मी राहते त्या वेल्ह्यात हे समर्थ तसे शेजारचेच. केळदच्या पुढे मढे घाट उतरला की त्यांच्या शिवथरघळीचा मुलूख लागतो. आषाढात मात्र घाट कसला, तोरणासुद्धा दिसत नाही. भात लावणीची घाई, मैदानात घोटाभर चिखल. मग शाळेच्या पडवीत मुली खो-खोचा सराव करतात. खो मिळण्याआधीचं त्यांचं बसणं मी बघत राहते. टाच उचललेली, भार सगळा चवड्यावर, हाताची बोटं जमिनीला जेमतेम टेकलेली, कान पाठीमागे. खो पडला की शरीर आधी सुटतं, मन मागून येतं. सर्व्हिस घ्यायला उभ्या राहिलेल्या खेळाडूचाही भार असाच चवड्यावर असतो.

म्हणून लीलाबाईंच्या बाकीच्या आयुष्याचं मला नवल वाटत नाही. १९३१ पासून अखिल भारतीय विजेतेपद त्यांनी पुन्हापुन्हा मिळवलं. पुढे हरीश्वर दयाळ यांच्याशी लग्न झालं. दयाळ मुत्सद्दी, नेपाळात भारताचे राजदूत होते. आणि लीलाबाईंनी भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले, ‘नृत्तमंजरी’ त्यातलाच. खेळ सुटला आणि त्या नृत्याकडे वळल्या, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पावलांचा अभ्यास तोच होता, फक्त मधली जाळी गेली.

क्षमाबाई १९५४ मध्ये गेल्या. त्यांनी लिहिलेल्या कथा घेऊन लीलाबाईंनी संस्कृतात नाटकं रचली. आईची गोष्ट, लेकीचे संवाद. विम्बल्डनच्या दप्तरात या नाटकांना जागा नसणार, ते साहजिकच. पण पडवीतल्या मुलींना मी लीलाबाईंबद्दल सांगते तेव्हा दहा-आठचा सेट आधी सांगते आणि लगेच नाटकांवर येते. मधली विजेतेपदं त्यांनी विचारली तर.