धरणगाव कसं तोडाल?

डायबेटिसनं बाबांची नजर अधू झाली. धुळ्याला त्यांना पेपर वाचून दाखवणारं कुणी नाही, आणि मी पुण्यात. म्हटलं, एवढे इंजिनियर झालो, पेपर वाचणारा एक प्रोग्रॅम लिहून टाकू. आवाज तयार मिळतो, फक्त उच्चार ठरवायचे. दोन वीकेंडचं काम!

पहिल्याच दिवशी तो "धर्णगाव" म्हणाला. बाबांचं जन्मगाव धरणगाव. लगेच फोन. "हाई कोनतं गाव शे रे?"

गंमत बघा. आपण लिहितो ध-र-ण-गा-व, पण म्हणतो ध-रण्-गाव. शेवटचा 'अ' तर जातोच, मधलाही एक जातो. पण कुठला? माझा नियम असा: 'अ'च्या मागे स्वर-व्यंजन आणि पुढे व्यंजन-स्वर असेल तर तो गाळायचा. लूप मात्र मी डावीकडून चालवला होता. त्यामुळे आधी 'र'चा 'अ' उडाला आणि 'ण'चा अडकून बसला. उजवीकडून चालवा, आधी 'ण'चा जातो, 'र'चा वाचतो. हिंदीसाठी मंजरी ओहाला यांनी १९८३च्या पुस्तकात हेच मांडलंय, मला नंतर कळलं! एक ओळ बदलली आणि अमळनेर, वरणगाव, पिंपळनेर सगळी गावं सरळ आली.

मी खूश. मग निवडणुकीची बातमी आली आणि प्रोग्रॅम म्हणाला, "लोकस्भा". पुढे "गणप्ती". नियम बरोबर, उच्चार चूक! कारण 'लोक' कुठे संपलं आणि 'सभा' कुठे सुरू झाली, हे आपल्या तोंडाला माहीत असतं, लूपला नाही. डच लोकांचंही हेच दुखणं. त्यांचा 'क्वार्टस्लाखन' हा शब्द 'क्वार्ट-स्लाखन' असा तोडला तर पाव वळणं, 'क्वार्ट्स-लाखन' असा तोडला तर क्वार्ट्झचे थर. अर्थ कळल्याशिवाय तोडता येत नाही, आणि अर्थ माणसालाच विचारावा लागतो.

म्हणून आता सरळ जोडशब्दांची यादी ठेवलीय. रोज संध्याकाळी बाबा फोन करून चुका सांगतात, मी त्या यादीत भरतो. यादी वाढतेय, चुका कमी होतायत.

परवा फोन आला, पण चूक एकही नाही. मी विचारलं, "आज पेपर ऐकला नाही का?"

"ऐकला ना. आज चुकाच नव्हत्या. म्हटलं, तरी फोन करावा."